शरीर स्वतःवरच हल्ला का करत नाही? पॉल एर्लिक यांचं आयुष्य आणि प्रतिकारशक्तीचे ब्रेक

तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला हाशिमोटो थायरॉइड, आमवात, ल्युपस, कोड किंवा टाइप १ मधुमेह असेल, तर डॉक्टरांनी एक गोष्ट नक्की सांगितली असेल. ती म्हणजे, तुमची रोगप्रतिकारशक्ती तुमच्याच शरीरावर हल्ला करते आहे. अशा आजारांना आपण ऑटोइम्यून किंवा स्वयंप्रतिकार आजार म्हणतो. हे ऐकल्यावर बहुतेक रुग्ण विचारतात की असं का झालं, माझं काय चुकलं?

आज आपण हाच प्रश्न उलटा करून पाहू. आपल्या प्रतिकारशक्तीकडे जंतू मारण्याची एवढी ताकद आहे, तर मग बहुतेकांच्या शरीरात ती स्वतःवर का उलटत नाही? तिला कोण थांबवतं? सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने हा प्रश्न प्रयोगशाळेत नीट मांडला. त्यांचं नाव पॉल एर्लिक. त्यांचं आयुष्य समजून घेतलं की तुमचा आजार आणि कॅन्सरची नवी इम्युनोथेरपी या दोन्ही गोष्टी समजायला सोप्या जातात.

रंगांचं वेड

एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. त्यांच्या आईचा भाचा कार्ल वायगर्ट हा पॅथॉलॉजिस्ट होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसाव्यात म्हणून तो त्यांना रंग देत असे. या मामेभावाकडून पॉलला रंगांची गोडी लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

त्या काळात जर्मनीत कृत्रिम रंगांचे कारखाने जोरात होते. कापड रंगवायचे हे रंग एर्लिक पेशींवर टाकून बघत. एक रंग एकाच प्रकारच्या पेशीला का चिकटतो आणि शेजारच्या पेशीला का नाही, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंधही याच विषयावर लिहिला.

या वेडाचा फायदा तुम्हाला आजही होतो. तुमच्या रक्ताच्या सीबीसी रिपोर्टवर न्यूट्रोफिल, इओसिनोफिल असे पांढऱ्या पेशींचे प्रकार लिहिलेले असतात ना? रंग वापरून हे प्रकार वेगळे ओळखण्याची पद्धत एर्लिक यांनी घालून दिली. ॲलर्जीत महत्त्वाच्या ठरणाऱ्या मास्ट पेशींचं वर्णनही त्यांनीच प्रथम केलं.

स्वतःच्या थुंकीत क्षयाचे जंतू

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. एर्लिक त्या सभेला हजर होते. थोड्याच दिवसांत त्यांनी हा जंतू रंगवण्याची अधिक चांगली पद्धत शोधली. एकदा रंग चढला की आम्लाने धुतलं तरी हा जंतू तो सोडत नाही, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे आजही टीबीसाठी थुंकीची तपासणी होते, तिचं मूळ इथे आहे.

पुढे एर्लिक स्वतःच आजारी पडले. त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. कोरडी, उबदार हवा हाच उपाय मानला जाई. पत्नी हेडविग यांच्यासह ते इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये बरे होऊन परतले. त्यांना हातात स्थिर नोकरी नव्हती. पुढे कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत काम दिलं.

तिथे एमिल फॉन बेरिंग घटसर्पावर काम करत होते. घटसर्पाचं विष टोचलेल्या जनावरांच्या रक्तात ते विष मारणारा पदार्थ तयार होतो आणि तो रुग्णाला देता येतो, हे कळलं होतं. पण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी निघत होती. एका मुलाला गुण यायचा, दुसऱ्याला नाही. किती औषधात किती विष मरतं हे मोजण्याची खात्रीची पद्धत एर्लिक यांनी बसवली आणि १८९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यामुळे घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांना ठरावीक ताकदीचं औषध देता येऊ लागलं.

त्याच वर्षी त्यांनी आपला सिद्धान्त मांडला. पेशीच्या अंगावर वेगवेगळ्या आकाराच्या खुंट्या असतात आणि विष त्यातल्या नेमक्या एका खुंटीत कुलपात किल्ली बसावी तसं बसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग पेशी तशा खुंट्या भरमसाट बनवते आणि रक्तात सोडते. त्याच अँटीबॉडी. यातला बराच तपशील पुढे बदलला. तरी नेमक्या जागी नेमका पदार्थ चिकटतो, ही कल्पना आजही टिकून आहे.

बकऱ्यांचा प्रयोग

इथून आपल्या विषयाला सुरुवात होते. १८९८ मध्ये ज्यूल बोर्दे यांनी दाखवलं होतं की एका प्राण्याच्या तांबड्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याला टोचल्या, तर त्या फोडणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. म्हणजे प्रतिकारशक्ती फक्त जंतूंवर नाही, तर पेशींवरही चालून जाते. एर्लिक तेव्हा फ्रँकफर्टमधल्या नव्या संस्थेचे संचालक होते. त्यांच्या मनात आलं की मग स्वतःच्या पेशींचं काय?

विचार करा. गुडघा जोरात आपटला की त्वचेखाली रक्त साकळतं. काळा-निळा डाग पडतो आणि आठ-पंधरा दिवसांत जिरून जातो. म्हणजे तुमच्याच तांबड्या पेशी फुटून शरीरात शोषल्या जातात. मग त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊन उरलेलं रक्त का नासत नाही?

एर्लिक आणि त्यांचे सहकारी युलियस मॉर्गनरोथ यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचलं. त्यांच्या शरीरात अँटीबॉडी तयार झाल्या आणि त्यांनी इतर बकऱ्यांच्या पेशी फोडल्या. मात्र ज्या बकरीत त्या तयार झाल्या, तिच्या स्वतःच्या पेशींना त्यांनी हात लावला नाही. प्रयोग पुन्हा केला तरी तेच.

या गोष्टीला एर्लिक यांनी हॉरर ऑटोटॉक्सिकस असं लॅटिन नाव दिलं. त्याचा अर्थ, स्वतःलाच विष देण्याची शरीराला असलेली धास्ती. शरीरात स्वतःवरचा हल्ला थांबवणारी काहीतरी नियंत्रण व्यवस्था असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ही व्यवस्था बिघडली तर धोका निर्माण होईल आणि काही आजारांचं मूळ तिथे शोधावं लागेल, असंही त्यांनी सुचवून ठेवलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

अर्धंच ऐकलं गेलं

एर्लिक यांचं नाव मोठं होतं. १९०८ मध्ये इल्या मेचनिकॉफ यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण मोठ्या माणसाचं म्हणणं पुष्कळदा अर्धंच पुढे जातं. पुढच्या अनेक डॉक्टरांनी एवढंच लक्षात ठेवलं की शरीर स्वतःवर हल्ला करूच शकत नाही. एर्लिक यांनी सुचवलेला बिघाडाचा भाग मागे पडला.

पुरावे समोर येत होते. थंडीत गेल्यावर लघवी लाल होणारा एक आजार आहे. त्यात रुग्णाच्या स्वतःच्या अँटीबॉडी थंडीत त्याच्याच तांबड्या पेशींना चिकटतात आणि मग त्या पेशी फुटतात, हे व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी १९०४ मध्येच दाखवलं. तरी अशा उदाहरणांकडे बराच काळ अपवाद म्हणूनच पाहिलं गेलं.

चित्र बदललं १९५६ मध्ये. अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचून त्यांच्या थायरॉइडला सूज आणून दाखवली. विटेब्स्की हे एर्लिक यांच्या शिष्याच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे त्याच परंपरेतले. त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या. आज तुमचे डॉक्टर थायरॉइड अँटीबॉडीची तपासणी लिहून देतात, तिची सुरुवात इथे झाली. स्वयंप्रतिकार आजार खरोखर असतात, हे मान्य व्हायला एर्लिक यांच्या प्रयोगानंतर अर्धं शतक गेलं.

शेवटची वर्षं

एर्लिक यांचं सर्वांत गाजलेलं काम याच्या मधल्या काळातलं. रंग जसा नेमक्या पेशीला चिकटतो, तसं नेमक्या जंतूला चिकटून त्यालाच मारणारं औषध का नसावं, हा त्यांचा ध्यास होता. १९०९ मध्ये जपानहून आलेले साहाचिरो हाता त्यांच्या प्रयोगशाळेत एकेक रसायन पुन्हा तपासत होते. त्यातलं ६०६ क्रमांकाचं रसायन सिफिलिसवर लागू पडलं. १९१० मध्ये ते साल्वर्सान या नावाने बाजारात आलं. त्याने असंख्य रुग्ण बरे झाले. पण त्यात आर्सेनिक होतं, ते देणं अवघड होतं आणि काहींना गंभीर त्रासही झाला. कौतुकाबरोबर एर्लिक यांना कडवट आरोपही सोसावे लागले.

१९०९ मध्येच त्यांनी आणखी एक विचार मांडला. शरीरात कॅन्सरच्या पेशी वारंवार तयार होत असाव्यात आणि शरीराची संरक्षण व्यवस्था त्यांना दाबून ठेवत असावी, नाहीतर कॅन्सर कितीतरी जास्त दिसला असता. हे तपासायची साधनं त्या काळी नव्हती.

एर्लिक कामात बुडालेले असत आणि दिवसभर कडक सिगार ओढत. त्यांच्यातली ही एक गोष्ट मात्र घेऊ नका. २० ऑगस्ट १९१५ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असताना, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुढे नाझी राजवटीत ते ज्यू होते म्हणून त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी काढली गेली आणि हेडविग यांना देश सोडावा लागला. युद्धानंतर त्यांच्या संस्थेला त्यांचंच नाव मिळालं. जर्मनीत लसींवर देखरेख ठेवणारी पॉल एर्लिक संस्था ती हीच.

ब्रेक सापडले

एर्लिक यांनी ज्या नियंत्रण व्यवस्थेचा अंदाज केला होता, ती कशी चालते हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. ही व्यवस्था अनेक पदरी आहे.

पहिला पदर छातीतल्या थायमस ग्रंथीचा. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथे तयार होतात आणि स्वतःच्या शरीरावर धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मारल्या जातात. तरी काही निसटतात. त्या तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात आहेत. त्यांना बाहेर शांत ठेवण्याचं काम पुढचे पदर करतात.

टी-पेशीला मोटरसायकल समजा. समोरचा शत्रू ओळखला की किल्ली फिरते. पण गाडी पळायला ॲक्सिलरेटरही पिळावा लागतो, म्हणजे दुसरा इशारा मिळावा लागतो. सीटीएलए-४ नावाचं प्रथिन हा दुसरा इशारा अडवतं. तो सुरुवातीचाच ब्रेक झाला. पीडी-१ हा दुसरा ब्रेक, जो टी-पेशी अवयवात पोचल्यावर लागतो. त्या अवयवाच्या पेशी पीडी-एल१ नावाचा हात पुढे करतात. तो पीडी-१ वर दाबला गेला की टी-पेशी थंडावते. या ब्रेकना इम्यून चेकपॉइंट म्हणतात. याशिवाय इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशीही असतात आणि त्यासुद्धा सीटीएलए-४ वापरतात. या पेशींच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल दिलं गेलं.

हे ब्रेक किती महत्त्वाचे आहेत ते उंदरांनी दाखवलं. सीटीएलए-४ नसलेली उंदरांची पिल्लं काही आठवड्यांतच मेली. त्यांच्या अवयवांत पांढऱ्या पेशी घुसल्या होत्या. पीडी-१ नसलेल्या उंदरांना वय वाढल्यावर ल्युपससारखा आजार झाला. माणसांतही सीटीएलए-४ च्या जनुकातले छोटे फरक थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार आणि टाइप १ मधुमेह यांच्याशी जोडलेले आढळले आहेत. काही मोजक्या कुटुंबांत या जनुकाची एक प्रत निकामी असते आणि त्यांच्यातल्या अनेकांना एकाच वेळी बऱ्याच अवयवांचे ऑटोइम्यून आजार होतात.

यातून औषधंही आली. ॲबाटासेप्ट हे आमवातावरचं औषध सीटीएलए-४ च्या नमुन्यावरच बनवलेलं आहे. ते बाहेरून ब्रेक लावतं.

ब्रेक सोडला तर?

कॅन्सरच्या पेशी मोठ्या हुशार. त्यातल्या अनेक जणी अंगावर पीडी-एल१ मिरवतात आणि टी-पेशींना थंड करतात. हा ब्रेक औषधाने सोडवला तर टी-पेशी कॅन्सरवर तुटून पडतात. इपिलिमुमॅब २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब २०१४ मध्ये. या मार्गाच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

एर्लिक यांचे दोन विचार इथे एकत्र येतात. शरीर कॅन्सरला दाबून ठेवतं, आणि शरीर स्वतःला आवरतं. दोन्हीसाठी ब्रेक बरेचसे तेच. म्हणून कॅन्सरसाठी ब्रेक सोडला की निरोगी अवयवांवरचा पहाराही ढिला होतो. काही रुग्णांना अंगावर पुरळ, आतड्याची सूज, यकृताची किंवा फुफ्फुसाची सूज, थायरॉइडचा बिघाड होतो. क्वचित अचानक मधुमेह होतो किंवा हृदयाच्या स्नायूला सूज येते. ब्रेक नसलेल्या उंदरांत जे दिसलं, त्याचंच हे सौम्य किंवा तीव्र रूप.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

तुम्हाला ऑटोइम्यून आजार असेल तर:

• तुमची प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हा आजार झालेला नाही. तिचा आवर सुटला आहे. त्यात तुमची चूक नाही. जनुकं, संसर्ग, हार्मोन अशी अनेक कारणं एकत्र येतात.

• इम्युनिटी वाढवणारा काढा, पावडर किंवा गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला ऑटोइम्यून प्रकारची सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ज्याचा आवर आधीच सुटला आहे त्याने सावध राहिलेलं बरं.

• स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. त्या तुमच्या शरीराला बाहेरून लावलेला ब्रेक आहेत.

घरात कुणाची कॅन्सरची इम्युनोथेरपी चालू असेल तर:

• उपचार सुरू करण्यापूर्वीच जुना ऑटोइम्यून आजार किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असल्यास कॅन्सरतज्ज्ञांना सांगा.

• वारंवार जुलाब, शौचात रक्त, नवा खोकला, धाप, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं, पापण्या पडणं, सतत तीव्र डोकेदुखी, फार थकवा, खूप तहान आणि वारंवार लघवी, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी कळवा. धाप, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपत असेल तर थेट तातडीच्या विभागात जा.

• जुलाब थांबवायला मेडिकलमधून स्वतः गोळी आणून वाट पाहू नका. हा जुलाब खाण्यातला नसून आतड्यावरच्या हल्ल्यातला असू शकतो आणि त्यावर वेळेत स्टेरॉइड लागतं.

• हा त्रास औषध थांबल्यानंतर काही महिन्यांनीही होऊ शकतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी इम्युनोथेरपी घेतली होती हे आधी सांगा.

• लवकर लक्षात आलं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतो. थायरॉइडसारख्या ग्रंथी मात्र पुष्कळदा कायमच्या मंदावतात, मग रोजची गोळी घ्यावी लागते. ती घेऊन नेहमीचं आयुष्य जगता येतं.

चांगली प्रतिकारशक्ती म्हणजे फक्त जोरदार प्रतिकारशक्ती नव्हे. कुठे लढायचं हे तिला कळलं पाहिजे आणि कुठे थांबायचं हेही. एर्लिक यांच्या बकऱ्यांनी यातला दुसरा भाग दाखवला होता. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ, याऐवजी ती आवरात ठेवायला माझा उपचार काय करतो, हे विचारा. त्या उत्तरातून तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल जास्त कळेल.

हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.